चिनी फाउंटन पेन आणि नावाची किंमत : नव्वद वर्षांचा मागोवा

फाउंटन पेनच्या किमतीत चार गोष्टींचे पैसे एकत्र मोजले जातात : माल, मजुरी, तपासणी आणि नाव. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात ग्राहकाला हे चार घटक वेगळे करून पाहण्याची सोय नव्हती. उत्तम लिहिणारे पेन बनवण्याचे कसब अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या मोजक्या कारखान्यांकडे होते आणि ते सांगतील तो भाव असे. चिनी कारखान्यांनी ही मक्तेदारी टप्प्याटप्प्याने मोडली. आज पाच डॉलरचे चिनी जिनहाओ आणि हजार डॉलरचे जर्मन मोंब्लां एकाच शाईने, एकाच कागदावर लिहितात. या दोन भावांमधली दरी कशी तयार झाली आणि तिच्यात नेमके काय भरले आहे, हे पाहण्यासाठी या व्यवसायाचा इतिहास क्रमाने तपासावा लागतो.

महाग, पण साधन

लुई वॉटरमन याला अमेरिकेत १८८४ मध्ये फाउंटन पेनचे पेटंट मिळाले. विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिल येथे जॉर्ज पार्करने १८८८ मध्ये आपली कंपनी काढली. पार्करचे ड्युओफोल्ड १९२१ मध्ये सात डॉलरला बाजारात आले, तेव्हा त्या काळच्या साध्या पेनांच्या मानाने तो भाव चढाच होता. १९४१ मध्ये आलेले ‘पार्कर ५१’ साडेबारा डॉलरचे होते. त्या वर्षी अमेरिकेतील किमान वेतन तासाला ३० सेंट होते. म्हणजे हे पेन घ्यायला किमान वेतनावरच्या कामगाराची सुमारे ४२ तासांची, जवळजवळ आठवड्याभराची कमाई लागे.

भाव मोठा असला तरी त्यामागे ठोस कारणे होती. तेव्हाच्या लोहयुक्त शाया आम्लधर्मी असत आणि साध्या पोलादाची निब त्यांनी लवकर गंजे. सोने गंजत नाही, म्हणून निब सोन्याची. सोने मऊ, म्हणून तिच्या टोकावर इरिडियम-ऑस्मियमसारख्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा बारीक कण जोडावा लागे. हा कण घासून गुळगुळीत करणे, त्याच्या मधोमध चीर पाडणे आणि निबेपर्यंत शाई मोजकीच उतरवणारे फीड कोरणे ही सगळी कुशल हातांची कामे होती. शिवाय पेन रोज वापरले जाई आणि वर्षानुवर्षे टिके. त्या काळी किमतीचा बहुतेक भाग लिहिण्याच्या कामाशीच बांधलेला होता.

शांघायची सुरुवात आणि पार्करचा पाठलाग

चीनमध्ये फाउंटन पेनचा उद्योग शांघायमध्ये रुजला. १९३१ मध्ये तेथे ह्वाफू हा सोन्याच्या निबेची पेने बनवणारा कारखाना सुरू झाला. तोच पुढे १९६६ पासून ‘हिरो’ या नावाने ओळखला जाऊ लागला. चीनमध्ये साम्यवादी राजवट आल्यावर पन्नासच्या दशकात खासगी कारखाने सरकारी व्यवस्थेत ओढले गेले. भाव नफ्यावर ठरेनासा झाला आणि योजनेवर ठरू लागला.

१९५८ मध्ये उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या ‘मोठी झेप’ या सरकारी मोहिमेत शांघायच्या कारखान्याने थेट पार्करच्या बरोबरीला पोहोचण्याची घोषणा केली. या चढाओढीवर चीनमध्ये चित्रपटही निघाला. पार्कर ५१ ची पेने उघडून, तपासून, त्यांच्या तोडीचे पेन बनवण्याचे प्रयत्न झाले. ‘हिरो १००’ हे चौदा कॅरट निबेचे पेन त्या प्रयत्नांचे फळ. त्याच घाटाचे, पण पोलादी निबेचे आणि साधे असे ‘हिरो ६१६’ प्रचंड संख्येने तयार झाले. झाकलेली निब, धातूचे चकचकीत टोपण आणि आतली नळी दाबून शाई ओढण्याची सोय या सगळ्यांत मूळ पार्करचा ठसा स्पष्ट दिसे. सोन्याची चणचण असल्याने अनेक चिनी पेनांत बारा कॅरट, म्हणजे निम्मे सोने असलेली निब बसवली जाई.

भारतात कित्येकांनी परदेशी पेन म्हणून प्रथम हातात धरले ते हिरोच. महाराष्ट्रातल्या शाळकरी पिढ्यांना पार्कर क्वचित दिसे. हिरो मात्र परीक्षेतल्या यशाचे बक्षीस म्हणून मिळण्याच्या आवाक्यात होते. चिनी पेन म्हणजे टाकाऊ माल, ही समजूत नंतरची आहे. त्या काळी हिरोला स्वतःचा मान होता, आणि तो त्याने सुरळीत लिहूनच कमावला होता.

बॉलपेनचा धक्का आणि चैनीची वाट

फाउंटन पेनच्या किमतीचा अर्थ मुळातून बदलला तो बॉलपेनमुळे. ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात रेनॉल्ड्सचे बॉलपेन विक्रीला आले, तेही साडेबारा डॉलरलाच. पण नव्या वस्तूचा हा भाव टिकला नाही. १९५० मध्ये फ्रान्समध्ये बिक क्रिस्टल आले आणि लिहिण्याचे साधन काही पैशांवर उतरले. रोजच्या कामासाठी फाउंटन पेन घेण्याची गरज संपत गेली.

ज्या कंपन्यांना टिकायचे होते त्यांच्यापुढे दोन मार्ग होते : स्वस्त होणे, किंवा गरजेच्या पलीकडची वस्तू होणे. हँबुर्गच्या मोंब्लांने दुसरा मार्ग सर्वांत निश्चयाने धरला. तिची माइस्टरश्टुक ही मालिका १९२४ पासूनची, तिच्यातले जाडजूड ‘१४९’ १९५२ चे. निबेवर कोरलेला ४८१० हा आकडा मोंब्लां शिखराची मीटरमधली उंची सांगतो. पूर्वी ही कंपनी विद्यार्थ्यांसाठी स्वस्त पेनेही बनवत असे. १९७७ मध्ये डनहिल या ब्रिटिश कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि ऐंशीच्या दशकात स्वस्त पेने बंद झाली. पुढे मोंब्लां रिशमों समूहात गेली; कार्तिएसारखे जवाहिरेही याच समूहाच्या मालकीचे. स्वतःची खास दुकाने निघाली आणि १९९२ पासून लेखकांच्या व कलेच्या आश्रयदात्यांच्या नावाने मर्यादित संख्येची पेने येऊ लागली.

ही वाट कुठवर जाऊ शकते याचे ठळक उदाहरण भारतातच घडले. २००९ मध्ये मोंब्लांने महात्मा गांधींच्या नावाने सोन्याची २४१ पेने काढली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांवरून ही संख्या घेतली होती. एका पेनची किंमत अकरा लाख रुपयांच्या वर होती. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या नावाने एवढी महाग वस्तू विकावी का, यावर तीव्र आक्षेप आला, केरळमध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये विक्री थांबवावी लागली. इथे लिहिण्याच्या गुणाचा प्रश्नच नव्हता. ग्राहक पैसे मोजणार होता ते सोन्याचे, दुर्मीळपणाचे आणि नावाचे.

हिरोची उतरण, खासगी कारखान्यांचा उदय

१९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांनी चिनी बाजार मोकळा झाला. सरकारी शिस्तीत वाढलेल्या शांघायच्या कारखान्यांना खुल्या बाजारातली स्पर्धा पेलली नाही. बॉलपेनने त्यांचा ग्राहक नेला, परदेशी नावांनी भेटवस्तूंचा बाजार नेला. २०१२ मध्ये हिरोच्या पेन कारखान्याचा ४९ टक्के हिस्सा अवघ्या २५ लाख युआनला विक्रीस काढला गेला, तेव्हा एका पिढीचा अभिमान असलेले नाव किती घसरले याची चीनमध्ये मोठी चर्चा झाली. कर्जाच्या बोजाखाली नाव उरले होते, पण त्या नावाचा भाव उरला नव्हता.

त्याच काळात च्यांग्शी प्रांतातले वनकांग हे गाव पुढे येत होते. कुंचले बनवण्याची तिथली परंपरा जुनी होती. तिच्याच जोरावर तेथे पेनांचे लहानमोठे खासगी कारखाने उभे राहिले. जिनहाओ ही कंपनी याच मुलखातून पुढे आली. एकाच परिसरात टोपण, क्लिप, निब, मुलामा आणि साचे मिळत असल्याने नवे मॉडेल काढण्याचा खर्च फार कमी येई.

स्वस्त टपाल, जुने घाट

२०१० मध्ये अलीएक्सप्रेस सुरू झाले आणि चिनी कारखान्याचे पेन मधल्या आयातदारांच्या नफ्याशिवाय जगभरच्या ग्राहकापर्यंत जाऊ लागले. त्यामागे टपालदरांचेही कारण होते. जागतिक टपाल संघाच्या जुन्या नियमांनुसार चीनमधून येणारी हलकी पाकिटे पोचवण्यासाठी श्रीमंत देशांच्या टपालखात्यांना फार कमी मोबदला मिळे. त्यामुळे दोन-तीन डॉलरचे पेनही अर्धे जग ओलांडून विकणे परवडू लागले.

या पेनांचे घाट बहुधा ओळखीचे होते. ‘जिनहाओ १५९’ मोंब्लां १४९ ची आठवण करून देई, ‘जिनहाओ ५९९’ लामीच्या सफारीची, ‘कायगेलू ३१६’ पार्करच्या ड्युओफोल्डची, ‘विंग संग ६०१’ पार्कर ५१ ची. खटका दाबून निब बाहेर काढणाऱ्या पायलट कॅपलेसच्या धर्तीवर मॅजॉनने ए-१ काढले. इथे नक्कल आणि बनावट यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. वस्तूच्या घाटाला मिळणारे कायदेशीर संरक्षण ठरावीक वर्षांपुरते असते. पार्कर ५१ हे १९४१ चे, कॅपलेस १९६३ चे, सफारी १९८० चे. ते संरक्षण संपल्यावर तसा घाट स्वतःच्या नावाने विकणे बहुतेक ठिकाणी कायद्याला मान्य आहे. दुसऱ्याचे नाव किंवा चिन्ह छापून विकणे ही फसवणूक आहे, आणि बनावट मोंब्लांचा असा चोरटा बाजारही वेगळा चालतो. तरीही घाट शोधण्याचे कष्ट आणि खर्च मूळ कंपनीने केलेले असतात. स्वस्ताईचा काही भाग त्या न केलेल्या खर्चातून येतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

दरीत काय भरले आहे

आज मोंब्लां १४९ ची किंमत हजार डॉलरच्या वर आहे. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. म्हणजे त्या पेनसाठी सुमारे १४० तास, साडेतीन आठवड्यांची कमाई लागते. पार्कर ५१ ला एक आठवडा पुरत असे. पाच डॉलरच्या जिनहाओला एक तासही लागत नाही.

या फरकातले सोने मोजता येते. १८ कॅरट निब पूर्ण एक ग्रॅमची धरली तरी तिच्यात पाऊण ग्रॅम शुद्ध सोने भरते. २०२५ मध्ये सोन्याचा जागतिक भाव ग्रॅमला १०० डॉलरच्या पुढे गेला, त्या हिशेबाने हे सोने सुमारे ७५ ते १०० डॉलरचे होते. बाकीचे नऊशे डॉलर सोन्याचे नसतात. शिवाय गंज न धरणारे पोलाद आल्यापासून आणि आधुनिक शाया सौम्य झाल्यापासून सोन्याची मूळ गरजही उरलेली नाही. सोन्याची निब किंचित मऊ वाटते, पण गुळगुळीतपणा ठरतो तो टोकावरच्या कणाच्या घासणीवर.

इथे तपासणी येते. मोंब्लां, पेलिकन किंवा पायलटच्या महागड्या पेनची निब माणसाच्या हाताखालून जाते, लिहून पाहिली जाते, बिघडली तर कित्येक वर्षांनंतरही दुरुस्त होते. स्वस्त चिनी पेनात हे काम ग्राहकावर सोडलेले असते. एकाच मॉडेलची दोन पेने वेगळी लिहितात. कुठे निबेची दोन टोके समान पातळीत नसतात, कुठे फीड कोरडे पडते, कुठे मुलामा उडतो किंवा टोपण हवाबंद बसत नाही. निब सरळ करता येणाऱ्या माणसाला पाच डॉलरचे पेन खरोखरच पाच डॉलरचे पडते. ज्याला ते जमत नाही, त्याला दुसरे घ्यावे लागते.

अचूकतेची ही किंमत चीनने बॉलपेनच्या बाबतीतही अनुभवली आहे. दरवर्षी अब्जावधी बॉलपेने बनवणाऱ्या या देशाला टोकासाठीचे खास पोलाद बाहेरून आणावे लागे. तेव्हाचे पंतप्रधान ली खछ्यांग यांनी ही खंत जाहीरपणे मांडली. २०१७ च्या सुरुवातीला थाययुआन पोलाद कंपनीने ते पोलाद देशात तयार केल्याची घोषणा झाली.

सोने, तपासणी आणि दुरुस्तीची हमी यांचे पैसे वजा केल्यावर जे उरते ते दुकानांचे भाडे, जाहिरात आणि नाव यांचे असते. मानचिन्ह म्हणून किंवा भेट म्हणून नावालाही मोल असते. पण ते लिहिण्याचे मोल नव्हे.

जवळ येणारी दोन टोके

चिनी पेनांबरोबरच मधली पायरीही भक्कम झाली. तैवानच्या ट्विस्बीने पिस्टनने शाई भरणारी पारदर्शक पेने आवाक्यात आणली. पायलटचे मेट्रोपॉलिटन आणि काकुनो, प्लॅटिनमचे प्रेपी यांनी तपासलेली जपानी निब विद्यार्थ्याच्या खर्चात बसवली. चिनी कंपन्याही घाट उचलण्यापुरत्या थांबल्या नाहीत. पेनबीबीएसने निर्वात पद्धतीने भरणारी पेने स्वतःच्या रंगांत आणि रचनेत काढली. हॉंगडियनने धातूकामात नाव मिळवले. अॅसव्हाइनने टायटॅनियमचे पिस्टन पेन पन्नास डॉलरच्या वर विकून दाखवले. जिथे रचना स्वतःची झाली आणि तपासणी वाढली, तिथे चिनी पेनचा भावही वाढला.

बाहेरच्या कारणांनीही स्वस्ताई कमी झाली. जागतिक टपाल संघाने २०१९ मध्ये दरांची पद्धत बदलली. भारताने नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी घातली, तेव्हापासून येथील ग्राहकाला ही पेने मध्यस्थामार्फत, जास्त दराने घ्यावी लागतात. अमेरिकेने मे २०२५ मध्ये चीनहून येणाऱ्या लहान पार्सलांची करसवलत काढून घेतली.

नव्वद वर्षांच्या या वाटचालीतून ग्राहकाच्या हाती एक उपयुक्त हिशेब आला आहे. निव्वळ सुरळीत लिहिण्याची किंमत आता पाच ते तीस डॉलरच्या दरम्यान आहे. त्यावर खात्रीशीर तपासणी, दुरुस्तीची हमी आणि सोन्याची निब हवी असेल तर साधारण दीडशे-दोनशे डॉलरपर्यंत जपानी पेने हे सारे देतात. त्यापुढचा पैसा कारागिरीच्या सजावटीचा, दुर्मीळपणाचा आणि नावाचा असतो. तो द्यायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण तो कशासाठी दिला जात आहे हे आता झाकलेले राहिलेले नाही. आणि हे उघड करण्यात शांघायच्या हिरोपासून वनकांगच्या कारखान्यांपर्यंतच्या कारागिरांचा वाटा सर्वांत मोठा आहे.