रेसच्या गाडीसाठी वॉटर पंप निवडताना

गाडी तापू लागली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, "मोठा वॉटर पंप टाका." रस्त्यावरच्या गाडीत हा सल्ला चुकला तरी फारसे बिघडत नाही. गिऱ्हाईक परत येते, दुसरा उपाय करता येतो. रेसच्या गाडीत मात्र हीच चूक महागात पडते. हेड वाकते, गॅस्केट उडते आणि मोसमभराची मेहनत एका दुपारी वाया जाते. मालकाचे पैसे जातात आणि गाडी तयार करणाऱ्या गॅरेजचे नाव जाते.

आमच्या परिचयातील एका उस्तादांना हा अनुभव आला. त्यांनी तयार केलेली छोटी गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर उतरली. चौथ्या फेरीत काटा लाल रेघेवर गेला. उस्तादांनी मोठ्या पात्यांचा पंप बसवला आणि तो अधिक वेगाने फिरावा म्हणून पंपाची पुलीही लहान केली. पुढच्या वेळी गाडी तिसऱ्याच फेरीत उकळली. शेवटी त्यांनी जुना पंप परत बसवला, त्याला मोठी पुली लावली, रेडिएटरच्या खालचा मऊ पडलेला होज पाइप बदलला, आणि गाडीने शर्यत पूर्ण केली. पंप हळू फिरू लागला आणि इंजिन थंड राहिले, हे कसे? आमच्या गॅरेजवाल्या बांधवांनी हे समजून घेण्यासारखे आहे.

पंप थंड करत नाही, वाहून नेतो

उष्णता बाहेर टाकण्याचे काम रेडिएटरचे आणि त्यातून जाणाऱ्या हवेचे आहे. पंप फक्त पाणी फिरवतो. समजा, १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालताना ६० किलोवॅट उष्णता पाण्यात सोडते. पाणी इंजिनमधून जाताना १० अंशांनी तापू द्यायचे असेल, तर मिनिटाला सुमारे ८६ लिटर पाणी फिरले पाहिजे. ६ अंशच तापू द्यायचे असेल, तर सुमारे १४३ लिटर. तेव्हा पंप घेण्यापूर्वी हा हिशेब करावा. एवढे पाणी फिरत असूनही गाडी तापत असेल, तर दोष रेडिएटरमध्ये, हवेच्या वाटेत किंवा इंजिनच्या टायमिंगमध्ये शोधावा. अशा वेळी पंपावर केलेला खर्च फुकट जातो.

वेग वाढला की पंप फसतो

रस्त्यावरच्या गाडीचा पंप कमी फेऱ्यांसाठी बनवलेला असतो. क्रँकची पुली १५ सेंटिमीटर आणि पंपाची साडेबारा असेल, तर इंजिनच्या ३००० फेऱ्यांना पंप ३६०० फेऱ्या फिरतो. हेच इंजिन ट्रॅकवर ७००० वर गेले की पंप ८४०० वर जातो. पंपाचा वेग दुप्पट झाला तर पाणी दुप्पट होते, पण त्याला लागणारी ताकद आठपट होते. ती ताकद चाकांच्या वाट्यातून जाते.

दुसरे संकट याहून मोठे आहे. फार वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की तेथे गरम पाण्याची वाफ होते. शेतातल्या मोटारपंपाने हवा धरली की मोटार फिरते पण पाणी येत नाही, तसाच हा प्रकार. शिवाय हे बुडबुडे फुटताना पाती कुरतडली जातात. उस्तादांच्या गाडीत नेमके हेच घडले होते. पंपाची पुली १८ सेंटिमीटरची केली, तर ७००० ला पंप सुमारे ५८०० वर राहतो. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तेथे अशी पुली बदलता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

थर्मोस्टॅटबद्दलचा गैरसमज

"थर्मोस्टॅट काढला की पाणी फार जोरात धावते, त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही," असे अनेक मिस्त्री सांगतात. हे खरे नाही. पाणी जोरात गेले तरी ते तितक्याच लवकर पुन्हा रेडिएटरमध्ये येते. खरी गोष्ट अशी की, अडथळा निघाल्यामुळे ब्लॉक आणि हेडमधला दाब कमी होतो आणि अतिगरम जागी वाफेचे कप्पे तयार होतात. म्हणून थर्मोस्टॅट काढलाच, तर त्या जागी भोक पाडलेली चकती बसवावी. रेडिएटरची कॅपही चांगली हवी. ०.९ च्या कॅपमध्ये पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप सैल असेल, तर महागड्या पंपाचाही उपयोग नाही.

विजेचा पंप केव्हा?

ऑस्ट्रेलियातील डेव्हिस क्रेग कंपनीचे मिनिटाला ८०, ११५ आणि १५० लिटरचे विजेचे पंप प्रसिद्ध आहेत. इंजिनच्या फेऱ्यांशी त्यांचा संबंध नसतो आणि इंजिन बंद केल्यावरही ते चालतात. म्हणून पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत, दोन धावांमध्ये गाडी थंड करायला ते फार सोयीचे. लांब शर्यतीत मात्र अल्टरनेटर आणि वायरिंग भक्कम हवे. एक फ्यूज उडाला की पाणी थांबते. यादीतला लिटरचा आकडा मोकळ्या प्रवाहाचा असतो. रेडिएटर आणि होज जोडल्यावर पाणी त्याहून कमी मिळते. म्हणून थोडा वरचा पंप घ्यावा.

दुकानात काय पाहावे?

पत्रा वाकवून केलेल्या सरळ पात्यांपेक्षा मागे पत्रा असलेली, वळणदार ओतीव पाती चांगली. पाती आणि घर यांतली फट कमी असावी. प्लॅस्टिकची पाती रेसला नको. पंप कोणत्या दिशेने फिरतो ते तपासावे. पट्टा बदलला की काही इंजिनांत दिशा उलटते, आणि चुकीच्या दिशेचा पंप पुरेसे पाणी फेकत नाही. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असावी, नाहीतर ओढीने तो चपटा होतो. पाणी भरताना हवा पूर्ण काढावी. अनेक ट्रॅकवर ग्लायकोलचे कूलंट चालत नाही, कारण ते सांडले की रस्ता निसरडा होतो. तेथे डिस्टिल्ड वॉटर आणि ग्लायकोल नसलेले गंजरोधक वापरावे.

सारांश, आधी हिशेब, मग पुली, मग पंप, हा क्रम सोडू नये. रेसच्या गाड्या तयार करण्याच्या कामात आपल्या हुशार तरुणांना वाव आहे. पण तेथे गिऱ्हाईक नाव पाहून येते, आणि चौथ्या फेरीत उकळलेली गाडी सर्वांनी पाहिलेली असते.