संकटमोचनाच्या अंगणात बाळगोपाळ

चैत्री पौर्णिमेची पहाट. सूर्योदयास अद्याप थोडा अवकाश असतो. मारुतिरायाच्या देवळात समया तेवत असतात, पाळणा फुलांनी सजलेला असतो, पेटीवाल्याने स्वर धरलेला असतो आणि आम्ही झांज हाती घेऊन जन्माख्यानास आरंभ करतो. कृष्णाकाठच्या आमच्या क्षेत्री ही सेवा श्रीकृपेने गेली जवळजवळ चाळीस वर्षे आमच्या हातून घडत आली आहे. या काळात श्रोत्यांनी आम्हांस उदंड प्रेम दिले. तथापि एक गोष्ट मनात सलत राहिली आहे. हनुमज्जयंतीच्या निमित्ताने ती वाचकांपुढे मांडावी, असे आम्हांस वाटते.

सुमारे तीस वर्षांपूर्वीचा प्रसंग. पूर्वरंग आटोपून आख्यान ऐन रंगात आले होते. अंजनीमाता नवजात पुत्राचे मुख न्याहाळीत आहे, असे वर्णन चालले होते. तोच पुढे बसलेल्या एका तरुण स्त्रीच्या मांडीवरील तान्हे मूल रडू लागले. तिने त्यास थोपटले, पदराखाली घेतले. पण मूल काही केल्या राहीना. आम्ही झांज थांबविली आणि सर्वांदेखत म्हणालो, "बाई, मुलाला बाहेर न्या. कथेचा रसभंग होतो आहे." सभेत हशा पिकला. ती माउली खाली मान घालून उठली आणि अंधारात निघून गेली. पुढे ती आमच्या कीर्तनास कधीही दिसली नाही. मातेच्या वात्सल्याचे वर्णन करीत असता आम्ही एका मातेला देवळाबाहेर घालविले, हे त्या क्षणी आमच्या ध्यानातही आले नाही.

ध्यानात आले ते पुष्कळ वर्षांनी. एके दिवशी मध्यंतरात श्रोत्यांस बुक्का लावला जात असता आमची दृष्टी सभेवरून फिरली. बहुतेक मस्तके पिकलेली! मुले कोठेच नव्हती. आजकालच्या मुलांना देवाधर्माची गोडी नाही, दूरदर्शन आणि मोबाईल यांनी पिढी बिघडविली, असे आपण सारे म्हणतो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या मुलांना आपणच 'बाहेर न्या' म्हणून घालविले, ती मोठी झाल्यावर आपण होऊन आत कशी येणार?

शास्त्राचा अभिप्राय

आपली परंपरा या बाबतीत आपल्याहून उदार आहे. श्रीमद्भागवताच्या सप्तम स्कंधात कयाधू नारदांच्या आश्रमात राहिली असता नारदांनी तिला उपदेश केला आणि तो गर्भस्थ प्रल्हादाने ग्रहण केला, अशी कथा आहे. नारद म्हणजे आम्हां कीर्तनकारांची गादीच. मूळ गुरूने गर्भातील बालकही श्रोता मानला. आम्ही मात्र वर्षाच्या लेकरास अपात्र ठरविले!

तेराव्या शतकात देवगिरीस यादवनृपती सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा महान ग्रंथ रचला. त्याच्या पहिल्याच अध्यायात गीताची महती सांगताना ग्रंथकार पाळण्यातील रडणाऱ्या बाळाचा दाखला देतो. ज्याने अद्याप जगातील कोणताही विषय चाखलेला नाही, असे ते बाळ गीताचे अमृत मिळताच हर्षून जाते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे या थोर आचार्याने रडणाऱ्या मुलास संगीताचा विघ्नकर्ता न म्हणता संगीताच्या सामर्थ्याचा साक्षीदार म्हटले आहे.

तिसरा दाखला रामायणाचा. उत्तरकांडात वाल्मीकी कुशलवांस अश्वमेधाच्या प्रसंगी रामचरित्र गाण्यास पाठवितात. त्या वेळी ते कोमल वयाच्या शिष्यांस दोन सूचना करतात. दिवसाला वीसच सर्ग गा, ही एक. आणि सोबत दिलेली गोड फळे-मुळे खा, म्हणजे थकवा येणार नाही, ही दुसरी. मुलांस संगीताच्या ठिकाणी नेताना काळाची मर्यादा असावी आणि शिदोरी जवळ असावी, हे आदिकवीने सांगून ठेवले आहे.

काशीचा दरबार

विद्यार्थिदशेत आमचे संस्कृताध्ययन काही काळ काशीक्षेत्री झाले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत महाराष्ट्रीय कुटुंबांची पिढ्यान् पिढ्यांची वस्ती. तेथील वडीलधाऱ्यांसमवेत आम्ही प्रथम संकटमोचन मंदिरातील संगीत समारोहास गेलो. गोस्वामी तुलसीदासांच्या नावाशी निगडित असे हे हनुमंताचे स्थान नगराच्या दक्षिण भागात, दुर्गाकुंडापासून जवळ आहे. हनुमज्जयंतीनंतर थोड्याच दिवसांत हा समारोह भरतो. आपल्या पंचांगाप्रमाणे तेव्हा चैत्र वद्य चालू असतो. तिकडील पौर्णिमान्त गणनेप्रमाणे मात्र वैशाख लागलेला असतो. १९२३ साली सुरू झालेल्या या समारोहाने २०२३ साली शंभरी गाठली.

दिवसा तेथे ऊन असे की चाळीस अंशांपर्यंत पारा चढावा. म्हणून सारे रात्रीचे. सायंकाळी आरंभ होतो तो पहाट होईपर्यंत चालतो. तिकीट नाही, आमंत्रण नाही. मंदिराच्या अंगणात, ओवऱ्यांत, झाडाखाली, जेथे जागा मिळेल तेथे बसावे. कलावंत येथे येतात ते हनुमंतापुढे हजेरी लावण्यासाठी. त्यांची भाषाही तशीच. पंडित जसराज यांनी वर्षानुवर्षे येथे गायनसेवा केली. २०२० साली महामारीमुळे समारोह दूरस्थ पद्धतीने करावा लागला, तेव्हा नव्वदीच्या जसराजांनी अमेरिकेतून हजेरी लावली आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला ते निवर्तले. २०१५ साली पाकिस्तानचे गुलाम अली येथे गाऊन गेले. स्वर शुद्ध असला की त्या दरबारात सर्वांस आसन मिळते.

सांगावयाचे ते हे, की त्या अंगणात आम्हांस मुले दिसली. आजीच्या मांडीवर निजलेली, खांबाला टेकून पेंगणारी, पेढा खात तबलजीकडे टक लावून पाहणारी. कोणी त्यांस दटावीत नव्हते. एखादे रडले की आई उठे, अंगणाच्या कडेने एक फेरी मारी आणि परत येऊन बसे; तिची जागा तशीच राखलेली असे. विद्यार्थिदशेत आम्ही हे पाहिले, पण त्यातून बोध घेतला नाही. काशीची विद्या शिकलो, काशीची रीत शिकलो नाही.

पहिल्या रात्रीची चूक

काही वर्षांपूर्वी चिरंजीव, सूनबाई, सात वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात यांस घेऊन आम्ही पुन्हा तेथे गेलो. मनात हौस अशी की नातवाने थोर गायन ऐकावे. आम्हांस ज्यांचे गायन ऐकावयाचे होते, ते गवई मध्यरात्रीनंतर बसणार होते. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मुलं दमलीत. परत जाऊ या का?" आम्ही म्हणालो, "असा योग पुन्हा येत नाही." परिणाम व्हावयाचा तोच झाला. नातू चिडला, रडला, आणि गवयांनी षड्ज लावण्यापूर्वीच, "मला गाणं नको!" असे मोठ्याने ओरडला. शेजारच्या एका वृद्ध काशीकराने त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि आमच्याकडे पाहून तो म्हणाला, "पंडितजी, भूक आपली आहे, बच्चाची नाही." त्याच्या त्या मोडक्या मराठीतील वाक्याने तीस वर्षांपूर्वीची ती पहाट आमच्यापुढे उभी राहिली. तेव्हाही भूक आमचीच होती, रंगलेल्या सभेची.

दुसऱ्या दिवशी मुलांस दुपारी भरपूर निजविले. ऊन उतरल्यावर लवकर जेवू घातले. वाटेत पखवाजाची गोष्ट सांगितली: त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात आणि त्यामुळे तो घुमतो. पोळीची कणीक वाद्याला! नातवास ते खरे वाटेना. ते पाहण्यासाठी तोच आम्हांस ओढीत पुढे घेऊन गेला. तासाभरात आम्ही उठलो, तेव्हा तो गुडघ्यावर ठेका धरून बसला होता आणि उठावयास तयार नव्हता. तरी उठविले. गोडी शिल्लक असतानाच पान आवरावे. नात मात्र सतारीच्या आलापीतच निजली होती. तिने सकाळी विचारले, "आजोबा, रात्रभर वाजत असतं, तर मारुती झोपतो कधी?" आम्ही म्हणालो, "समोर रामराया असला की त्याला झोप येत नाही." संकटमोचनाची मूर्ती श्रीरामाकडे मुख करून उभी आहे, हे तिने आदल्या दिवशी पाहिलेच होते. तिचे समाधान झाले.

मुलांस नेताना

या अनुभवावरून गृहस्थाश्रमी वाचकांस चार शब्द सांगतो. गावची जत्रा असो, रामनवमीचे कीर्तन असो वा शहरातील मोठा संगीतोत्सव, रीत एकच.

उन्हाळा असल्याने मुलांस सैल सुती वस्त्रे घालावीत आणि घरचे पाणी वरचेवर पाजावे. सहा महिन्यांच्या आतील बाळास वेगळे पाणी देऊ नये; आईचे दूध त्यास पुरते. शिदोरी घरची असावी, हातात खाऊ धरून हिंडू देऊ नये. संकटमोचनास तर वानरसेना प्रत्यक्षच वावरते. आमच्या नातवाचा लाडू तिने एका झेपेत नेला.

ध्वनिवर्धकाच्या कर्ण्यासमोर मुलांस कदापि बसवू नये. मोठ्या आवाजाने कानातील सूक्ष्म पेशींस इजा होते आणि ती पुन्हा भरून येत नाही, हे आज वैद्यकाने निश्चित सांगितले आहे. मागे, कडेला, वाटेजवळ बसावे. उठणे-बसणे सोपे जाते. मुलाच्या खिशात पालकांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी आणि चुकामूक झाल्यास कोठे थांबावयाचे ते ठिकाण आधीच दाखवून ठेवावे. संकटमोचन मंदिरात ७ मार्च २००६ रोजी बाँबस्फोट होऊन भाविकांचे प्राण गेले. तेव्हापासून मोठ्या देवस्थानी तपासणी कडक असते. त्यास लागणारा वेळ हिशेबात धरून निघावे.

मुलास एकच गोष्ट पाहावयास सांगावी. तंबोऱ्याच्या तारा किती, झांजेची दोरी कशी धरतात, एवढेही पुष्कळ आहे. ते पाहता पाहता कान आपोआप ऐकतो. निजले तर निजू द्यावे. रडले तर बाहेर न्यावे, पण परत आणावे. आणि श्रोत्यांनी त्या आईची जागा राखून ठेवावी. ही शेवटची गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची.

काशीहून परतल्यापासून आमच्या देवळात आम्ही एक सतरंजी पाळण्याजवळ मुलांसाठी अंथरवितो. मध्यंतरातील गजराला झांजा त्यांच्या हाती देतो. ताल चुकतो, गोंगाट होतो, क्वचित आख्यानाचा धागाही सुटतो. काही जुने श्रोते नाराज झाले आणि तसे त्यांनी आम्हांस सांगितलेही. आम्ही त्यांस नमस्कार करून एवढेच म्हणालो, की जन्मोत्सव बाळाचा आहे. बाळे नसतील तर पाळणा कोणासाठी हलवावयाचा?

तीस वर्षांपूर्वी आमच्या शब्दाने उठून गेलेल्या त्या माउलीचे नाव आम्हांस ठाऊक नाही. तिचे ते बाळ आता तिशीचे, कदाचित स्वतः लेकुरवाळेही असेल. हे पान तिच्या दृष्टीस पडले, तर तिने आम्हांस क्षमा करावी. चैत्री पौर्णिमेस सूर्योदयापूर्वी देऊळ उघडे असते, सतरंजी अंथरलेली असते. नातवंडास घेऊन यावे. ते रडले तरी चालेल.