‘सुखी अरबस्तान’ उपाशी का?

एडन हे नाव मराठी माणसाला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. वासुदेव बळवंत फडके यांनी १८८३ साली तेथील तुरुंगात देह ठेवला. १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलेल्या या बंदराचा कारभार तेव्हा मुंबईहून चाले. हे एडन ज्या येमेनमध्ये आहे, त्या भूमीला प्राचीन रोमन ‘सुखी अरबस्तान’ म्हणत. पाऊस झेलणारे डोंगर, पायऱ्यापायऱ्यांची शेते, मोखा बंदरातून जगभर जाणारी कॉफी! त्याच देशात पुढे लाखो मुले अन्नाला का मोताद व्हावीत?

‘शिया-सुन्नी वैर’ हे सोपे उत्तर. पण ते अपुरे आहे. उत्तरेतील झैदी शिया आणि इतरत्रचे सुन्नी शतकानुशतके शेजारी नांदले. दुखणे सत्तेचे होते. उत्तरेत १९६२ मध्ये इमामाची राजवट उलथून प्रजासत्ताक आले. दक्षिणेतून १९६७ मध्ये इंग्रज गेले आणि मार्क्सवादी सत्ता आली. २२ मे १९९० रोजी दोन्ही येमेन एक झाले. पण मने जुळली नाहीत. १९९४ च्या युद्धात दक्षिण हरली आणि सल दक्षिणेच्या मनात राहिला. त्यातच १९९० मध्ये कुवेतप्रश्नी येमेनने लष्करी कारवाईला विरोध केला. परिणामी सौदी अरेबियातून लाखो येमेनी कामगारांना परतावे लागले आणि घरोघरी येणारा पैसा आटला.

अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह १९७८ पासून सत्तेवर होते. येमेनवर राज्य करणे म्हणजे सापांच्या डोक्यांवर नाचणे, असे ते म्हणत. उत्तरेच्या उपेक्षित सादा प्रांतातील हुथींशी त्यांनी २००४ ते २०१० या काळात सहा युद्धे केली. २०११ च्या जनआंदोलनानंतर त्यांना पायउतार व्हावे लागले, हादी अध्यक्ष झाले. २०१४ मध्ये हादींनी इंधनावरील अनुदान कापले. लोक खवळले. त्या असंतोषावर स्वार होऊन हुथींनी सप्टेंबरात राजधानी साना घेतली. त्यांचे साथीदार कोण? त्यांचेच जुने वैरी सालेह! २०१७ च्या डिसेंबरात हुथींनीच त्यांना ठार केले.

मार्च २०१५ मध्ये सौदी आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. हुथींच्या पाठीशी इराण उभा राहिला. त्या वेळी भारताने ‘ऑपरेशन राहत’ राबवून साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना सुखरूप बाहेर काढले. येमेनी माणसाला मात्र जायला जागा नव्हती.

हा देश जवळजवळ सारा गहू बाहेरून आणतो. होडैदा बंदराची कोंडी झाली, तसे धान्य महागले. २०१६ मध्ये मध्यवर्ती बँक सानाहून एडनला हलली आणि शिक्षक, परिचारिका पगाराविना राहिल्या. दुकानात पीठ होते, खिशात पैसा नव्हता. पाठोपाठ पटकी आली. २०१७ अखेर संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत ३ लाख ७७ हजार माणसे दगावली. त्यांतील सुमारे ६० टक्के गोळीने नव्हे, तर भूक, रोग आणि उपचारांच्या अभावाने.

एप्रिल २०२२ च्या युद्धविरामाने तोफा मंदावल्या. पण उत्तरेची उपेक्षा, दक्षिणेचा सल आणि रिकामी तिजोरी यांवर त्या कागदात उत्तर नव्हते. दुष्काळ आभाळातून पडतो, असे आपण मानतो. येमेनचा दुष्काळ माणसांनी, एकेक निर्णय घेत, घडवला.