सोळा ग्रॅमचा सिनेमा

डीव्हीडीचं वजन साधारण १६ ग्रॅम, व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. तिच्या पोटातल्या सर्पिलाकार वाटेचे वळसे एकमेकांपासून जेमतेम ०.७४ मायक्रॉनवर. त्या वाटेवरच्या खळग्यांत तीन तासांचा चित्रपट, गाण्यांसकट, मावतो. मला हे आजही अद्भुत वाटतं.

आता तिची डबी बघा. उंची १९ सेंटिमीटर. चकतीला एवढी जागा लागतच नाही. पण दुकानांतली फडताळं व्हीएचएस कॅसेटच्या खोक्यांच्या मापाची होती, म्हणून नव्या डबीनं जुनीच उंची उचलली. विशेष आवृत्ती निघाली की या डबीवर पुठ्ठ्याचं जाड आवरण, आत चित्रांची पुस्तिका, पोस्टकार्डं, सोनेरी वर्ख, चुंबकानं टक्कन मिटणारं झाकण.

हा मोह खोटा नाही. सगळ्या चकत्या सारख्याच चकाकतात. आवडत्या सिनेमाला हातात धरता येईल असं अंग देतं ते खोकंच. पुस्तिकेतलं एखादं छायाचित्र तर चित्रपटाइतकंच जपावंसं वाटतं.

पण पुठ्ठा म्हणजे वनस्पतीचा तंतू, आणि तंतू कसा घडतो हे चंद्रपूर-गडचिरोलीत डोळ्यांसमोर दिसतं. पावसाळ्यात बांबूच्या बेटातून कोंब फुटतात. इथले लोक त्यांना वास्ते म्हणतात, भाजी करतात. जो कोंब राहतो तो एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो. पुढची दोनतीन वर्षं तो उंच होत नाही, फक्त पक्का होतो. बल्लारपूरला वर्धा नदीकाठी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या कागद कारखान्याला या जंगलांनी दशकानुदशकं बांबू पुरवला. तिथे बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजतात, तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन विरघळतं, तंतू मोकळे होतात. बांबूच्या वजनाच्या निम्म्याहून कमी लगदा हाती लागतो.

या बांबूवर हक्क कोणाचा, हा लढाही इथलाच. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. खरं तर ते गवत! २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज ठरवलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. एका काडीसाठी एवढा झगडा झाला, हे ठाऊक असलं की पुठ्ठ्याकडे नुसतं वेष्टन म्हणून बघवत नाही.

खरी नासाडी माझ्या मते खोक्याच्या आकारापेक्षा त्याच्या चकाकीत आहे. साधा पुठ्ठा पाण्यात भिजवून पुन्हा लगदा करता येतो. तोच तंतू अनेकदा कागद होतो. प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवला, वर्ख ठोकला, आत फोम आणि चुंबक बसवले की ते वेगळं करणं परवडत नाही आणि चांगला तंतू कचऱ्यात जातो.

चकाकीशिवायही भागतं. मोझर बेअर या चकत्या बनवणाऱ्या कंपनीनं २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. त्या किमतीत थाटाला जागाच नव्हती, आणि घरोघरी चित्रपट पोचले. संग्राहकांसाठी पुस्तिका जरूर असावी. ती साध्या, न चकाकणाऱ्या पुठ्ठ्यात, चकतीच्या मापाच्या खोक्यात उत्तम बसते.