पांढऱ्या वस्तूंची साक्ष

मराठी मुलखाच्या जुन्या दप्तरांत गावच्या जमिनीचे दोन भाग केलेले आढळतात : जी पिकते ती ‘काळी’, आणि जीवर माणसे घरे बांधून राहतात ती ‘पांढरी’. मातीच्या पडलेल्या भिंती आणि चुलींची राख पिढ्यान्‌पिढ्या जिरून गावठाणाची माती भुरकट-पांढरी होत जाते, आणि त्यावरून महसुली कागदांत मनुष्यवस्तीला ते नाव मिळाले. पुढे लेखणीवर उपजीविका करणाऱ्या वर्गाला आपण ‘पांढरपेशा’ म्हटले आणि मजकूर लिहून काढण्याला ‘पांढऱ्यावर काळे करणे’. घर आणि कचेरी या आपल्या दिवसाच्या दोन मुक्कामांशी पांढऱ्या रंगाचे नाते भाषेने असे केव्हाच जोडून ठेवले आहे. म्हणून आज दुकानाच्या काचेआड पांढरे टेबलदिवे, पांढऱ्या तबकड्यांची घड्याळे, कपबश्या, फुलदाण्या आणि कागद ठेवण्याचे ट्रे ओळीने मांडलेले दिसतात, तेव्हा ती केवळ चालू काळाची टूम न समजता, हा रंग येतो कोठून, वस्तूला तो काय देतो आणि ती बाळगणाऱ्याकडून काय मागतो, याचा थोडा शांतपणे विचार करावा, असे मला वाटते.

शुभ्रता ही बहुधा पदार्थाच्या अंगची नसते. प्रकाशाच्या विखुरण्यातून ती जन्मते. खडीसाखरेचा स्वच्छ खडा डोळ्यांपुढे धरला तर त्यातून पलीकडचे दिसते. परंतु तोच खडा खलबत्त्यात कुटला की पांढरीशुभ्र पूड हाती येते, कारण आता प्रकाश असंख्य बारीक कणांच्या पृष्ठभागांवर आपटून, त्यातला कोणताही रंग गिळला न जाता, सर्व दिशांनी परत येतो. काचेची पूड, मीठ, लाटेचा फेस यांच्या पांढरेपणाचे रहस्य हेच आहे, आणि पांढऱ्या वस्तू घडविणाऱ्या कारागिरांची शतकानुशतकांची खटपटही अखेर एवढ्याचसाठी, की आलेला प्रकाश वस्तूने आपल्याजवळ ठेवून न घेता जसाच्या तसा परत करावा.

या खटपटीतील सर्वांत सुंदर फळ म्हणजे चिनी मातीची कपबशी. चीनमधील जिंगदेजेन या नगराजवळच्या गाओलिंग टेकडीवरून ‘केओलिन’ हे नाव ज्या पांढऱ्या मातीला पडले, ती माती विशिष्ट दगडाच्या पुडीबरोबर मळून सुमारे 1300 अंश सेल्सियसच्या आचेत भाजली, की तिचे अंतरंग काचेसारखे एकजीव होते. ही विद्या चिनी कारागिरांच्या हाती शतकानुशतके होती. युरोपला मात्र अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती अवगत नव्हती. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने सोने तयार करून घेण्यासाठी योहान फ्रीडरिख ब्योटगर नावाच्या तरुण किमयागाराला नजरकैदेत ठेवले होते. त्याच्या हातून सोने झाले नाही, परंतु चिर्नहाउस या विद्वानाच्या सहवासात पांढऱ्या पोर्सेलीनची कृती मात्र साधली, आणि 1710 मध्ये माइसेन येथे तिचा कारखाना उभा राहिला. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जोसाया स्पोड याने मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळून ‘बोन चायना’ची कृती पक्की केली. ती भांडी अधिक शुभ्र होत आणि पातळ असूनही कणखर राहत.

असा कप विकत घेण्यापूर्वी तो खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरावा. उत्तम पोर्सेलीन असेल तर कपाच्या भिंतीतून पलीकडच्या बोटांची सावली पुसट दिसते. मग तो उलटा करून तळाची कड पाहावी. तेथे झिलई नसते, आणि म्हणून आतली माती तेथे स्वतःची ओळख देते : पोर्सेलीनची कड पांढरी व घट्ट लागते, साध्या मातीच्या भांड्याची मात्र सच्छिद्र, पिवळसर किंवा तांबूस दिसते. शेवटी नखाने हलकेच टिचकी मारावी. न तडकलेला चांगला कप स्वच्छ नाद देतो, आणि तडा गेलेला बद्द वाजतो.

ज्यांना पोर्सेलीन परवडत नसे त्यांच्या घरी एनॅमल आले. लोखंडी पत्र्यावर काचेच्या भुकटीचा लेप देऊन तो सुमारे 800 अंशांवर वितळविला, की पत्र्याला काचेची कातडी चिकटते. निळ्या काठाच्या पांढऱ्या थाळ्या, दवाखान्यातील तसराळी आणि दारावरच्या नंबरपट्ट्या याच जातीच्या. ही थाळी पडली तर फुटत नाही, परंतु जेथे टवका उडतो तेथे काळे लोखंड उघडे पडते आणि गंजू लागते. शाळा-कचेऱ्यांतील उत्तम प्रतीचे पांढरे फळे आजही असेच एनॅमल चढविलेल्या पोलादाचे असतात, आणि म्हणून वर्षानुवर्षे पुसूनही त्यांवर शाईची छाया उरत नाही.

रंगाच्या डब्यातील सफेद्याचा इतिहास इतका निर्मळ नाही. शतकानुशतके हा सफेदा शिशापासून होत असे आणि तो रंगाऱ्यांच्या शरीरात विष भिनवीत असे. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरांच्या आतील रंगकामात त्याच्या वापराला आळा घालणारा करार संमत केला. त्याच सुमारास टिटॅनियम डायऑक्साइड हे निर्धोक आणि कितीतरी अधिक झाकणारे द्रव्य कारखान्यांतून निघू लागले, आणि आज घरातील पांढऱ्या शीतकपाटापासून विजेच्या बटणापर्यंत जे जे पांढरे दिसते त्यातील बहुतेकांचा पांढरेपणा त्याच द्रव्याचा आहे. हे द्रव्य ज्या इल्मेनाइट खनिजापासून मिळते ते काळेभोर असते, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही ते आहे. अत्यंत काळ्या वाळूच्या पोटी अत्यंत शुभ्र रंग असावा, ही सृष्टीची योजना मला फार अर्थपूर्ण वाटते.

पांढऱ्या रंगाला केवळ स्वच्छतेची नव्हे तर अभिरुचीचीही प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकात. ल कोर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने 1925 मध्ये असे प्रतिपादन केले, की प्रत्येकाने आपल्या भिंतींवरचे भरजरी पडदे व नक्षीचे कागद काढून तेथे पांढरा रंग द्यावा, म्हणजे घरात अंधारा कोपरा उरणार नाही आणि प्रत्येक वस्तू आहे तशी दिसेल. 1956 मध्ये जर्मनीतील ब्राउन कंपनीसाठी डीटर राम्स आणि हान्स गुगेलोट यांनी ‘एसके 4’ हा रेडिओ-ग्रामोफोन घडविला. तोवर घरोघरी असलेल्या नक्षीदार लाकडी पेटाऱ्याची जागा पांढऱ्या पत्र्याच्या साध्या पेटीने आणि पारदर्शक झाकणाने घेतली. अ‍ॅपलच्या 2001 मधील पांढऱ्या आयपॉडमध्ये तीच परंपरा ओळखू येते. या सर्वांना एक गोष्ट उमगली होती : पांढऱ्या पृष्ठभागावर नक्षीच्या आड दडता येत नाही, तेथे वस्तूचा आकार, सांधा आणि प्रमाण ही निर्दोषच असावी लागतात.

म्हणून पांढरी वस्तू निवडताना प्रथम तिची घडण पाहावी. मग छटेकडे वळावे, कारण पांढरे म्हणजे एकच पांढरे नव्हे. दुधी, मोतिया, हस्तिदंती, शंखासारखा, निळसर अशा त्याच्या अनेक छटा आहेत, आणि निळसर पांढऱ्याशेजारी मोतिया ठेवला तर तो मळकट भासतो. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली हा भेद लपतो; दिवसाच्या उजेडात तो पाहून घ्यावा. कचेरीच्या मेजावर पांढरा दिवा, एखादा ट्रे आणि लेखण्यांचे एक भांडे एवढे पुरे. त्याला लाकडाची, पितळेची किंवा एका हिरव्या रोपाची जोड द्यावी, म्हणजे खोलीला दवाखान्याचे रूप येत नाही. जेथे दिवसभर डोळे खाली घालून काम करावयाचे तेथे चकाकणाऱ्या झिलईपेक्षा मंद पोताचा पांढरा बरा, कारण चकाकीवर दिव्याचा झोत उमटून डोळ्यांना शीण होतो.

आणि मग प्रश्न येतो निगेचा. कपाच्या आत चमच्याने उमटणारे करडे ओरखडे हे बहुधा चरे नसतात; कठीण झिलईने चमच्याची धातू खरवडून घेतलेली असते, आणि ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन चोळले की ते, आणि चहाचे डागही, निघून जातात. पांढरे सुती कापड उन्हात वाळवावे. रेशीम व लोकर मात्र उन्हाने पिवळी पडतात, म्हणून ती सावलीत वाळवावी. आपल्या घरची नीळ कापड धूत नाही, ती पिवळसरपणाला निळ्याने झाकते. प्लास्टिकच्या पांढऱ्या वस्तूंवर ऊन व हवा यांचा परिणाम होऊन त्या पिवळ्या पडतात, म्हणून त्या खिडकीच्या उन्हात ठेवू नयेत. पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या पांढऱ्या वस्तूमागे बुरशी धरते. वस्तू चार बोटे पुढे ओढून ठेवली की वारा खेळतो.

लहानपणी आमच्या घरी दिवाळीच्या आधी चुना दिला जाई. लोखंडी पिंपात चुनकळी भिजत घातली की पाणी उकळल्यासारखे खदखदे, आम्हां मुलांना दूर उभे केले जाई, आणि दोन दिवसांनी त्यात चिमूटभर नीळ घालून भिंतीवर कुंचा फिरे. पहिल्या दिवशी ओली भिंत करडी, जवळजवळ पूर्वीसारखीच दिसे, आणि सगळे श्रम वाया गेले असे वाटून मी हिरमुसून जाई. परंतु सकाळी डोळे उघडावे तो खोली उजेडाने भरलेली असे. चुना रात्रभर हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगड होत असतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पांढऱ्या वस्तूबद्दल मला जे सांगावयाचे आहे ते त्या भिंतीने मला तेव्हाच शिकविले होते : पांढरेपण एकदा विकत घेऊन भागत नाही, ते दर वर्षी, दर आठवड्याला, हाताने पुन्हा मिळवावे लागते. आणि पांढऱ्या कपावरचा ओघळ, पांढऱ्या दिव्यावरची धूळ ही त्या हाताची हजेरी रोजच्या रोज मांडीत असतात. जेथे माणसाची राख, भिंती आणि कष्ट पिढ्यान्‌पिढ्या मातीत जिरतात, त्या जागेलाच आपल्या पूर्वजांनी पांढरी म्हटले, ते काही उगाच नव्हे.