अस्सल, नक्कल आणि म्यूटूचा प्रश्न

मंडळी, आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पहिल्या रांगेतले दोघे-तिघे हसले. साहजिक आहे. गेल्या वेळी आम्ही जॉन लॉक सांगत होतो, आणि आज पोकेमॉन! म्हातारा घसरला असं कुणाला वाटलं असेल तर त्यांनी तासभर थांबावं.

झालं असं. आमचा नातू तेरा वर्षांचा आहे. दोनेक महिन्यांपूर्वी त्याचं आईशी कशावरून तरी वाजलं आणि तो ओरडला, "मी सांगितलं होतं का, मला जन्माला घाला म्हणून?" घर एकदम गप्प झालं. सूनबाई उठून आत गेल्या. आणि उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलेल्या आम्हाला तिथे एक धड वाक्य सुचलं नाही. पुढे काही दिवसांनी त्याच्याच शेजारी बसून एक जुना जपानी चित्रपट पाहिला. त्यात राखाडी रंगाचा, जांभळ्या शेपटीचा एक प्राणी नेमकं हेच विचारत होता, आणि ते विचारायला त्याने समुद्रात वादळ उठवलं होतं.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोकेमॉन ही १९९६ साली जपानमध्ये व्हिडिओ गेम म्हणून सुरू झालेली गोष्ट. विचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, शिकवायचे आणि एकमेकांशी लढवायचे. १९९७ च्या एप्रिलमध्ये तिची टीव्ही मालिका आली. त्याच वर्षी डिसेंबरात एका भागातल्या झगझगणाऱ्या लाल-निळ्या प्रकाशामुळे जपानभर सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि मालिका चार महिने बंद राहिली. ती परत सुरू झाली आणि १८ जुलै १९९८ ला पहिला चित्रपट आला. दिग्दर्शक कुनिहिको युयामा, पटकथा ताकेशी शुदो यांची. जपानी नावाचा अर्थ होतो 'म्यूटूचा प्रतिहल्ला'. 'प्रति' हे अक्षर लक्षात ठेवा. म्यूटू म्हणतो, मी चाल करून आलेलो नाही, युद्धही पुकारत नाही. ज्यांनी मला न विचारता निर्माण केलं त्यांना हे माझं उत्तर आहे.

म्यूटू कोण? म्यू नावाचा एक अतिप्राचीन, मांजराएवढा, गोजिरवाणा प्राणी. त्याची एक पापणी अश्मीभूत अवस्थेत सापडते आणि तिच्यावरून शास्त्रज्ञ दुसरा म्यू तयार करतात, सुधारलेला, कितीतरी बलाढ्य. नावातच 'टू' आहे, म्हणजे दुसरा. तेव्हा जगभर चर्चा डॉली मेंढीची होती. १९९६ साली स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ती जन्मली आणि पुढच्या फेब्रुवारीत बातमी फुटली. तर हा म्यूटू काचेच्या नळकांड्यात डोळे उघडतो आणि विचारतो, मी कोण? मी कुठे आहे?

आपल्याकडे म्हणतात ना, गर्भातलं मूल 'सोऽहं' म्हणत असतं आणि बाहेर पडल्यावर 'कोऽहं' म्हणून रडतं. या बाळाला गर्भच नव्हता, त्यामुळे त्याची सुरुवातच दुसऱ्या शब्दापासून झाली. शास्त्रज्ञ काय करतात? प्रयोग यशस्वी झाला म्हणून एकमेकांचं अभिनंदन करतात. त्याच्या प्रश्नाकडे कुणाचं लक्षही नाही. तो प्रयोगशाळा जाळतो. मग जिओव्हानी नावाचा गुन्हेगार त्याला बरोबरीचा भागीदार म्हणून घेऊन जातो, चिलखत चढवतो, कामाला जुंपतो. एक दिवस म्यूटू विचारतो, हे सगळं कशासाठी? उत्तर मिळतं, तुला माणसांनी बनवलंय, तू माणसांच्या कामासाठीच आहेस. कांटने ज्याला माणसाचा सर्वांत मोठा अपमान मानलं असतं, ते हे: कुणाला तरी निव्वळ साधन समजणं.

आता 'मी सांगितलं होतं का?' या प्रश्नाकडे पाहू. तर्कशास्त्राच्या मास्तराला याचं उत्तर फार सोपं आहे. जन्माआधी विचारायला कुणी होतंच कुठे? ज्याची संमती घ्यायची तो अजून नाही. वंध्यापुत्राला लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं ते. २०१९ साली मुंबईतल्या एका तरुणाने विचारल्याशिवाय जन्म दिला म्हणून आई-वडिलांवर दावा लावायची भाषा केली होती, तेव्हा आम्ही मित्रांत हाच वंध्यापुत्र पुढे केला आणि हशा मिळवला. आज त्याची थोडी लाज वाटते. प्रश्न चुकीचा ठरवला की विचारणाऱ्याचं दुखणं जातं असं थोडंच आहे? म्यूटूला संमतीपत्र नको आहे. मला आणताना तुमच्या मनात मी होतो, की तुमचं काहीतरी काम होतं, एवढंच त्याला विचारायचं आहे.

आणि त्याच्या रागाचं दुसरं कारण म्हणजे तो नक्कल आहे. इथे चित्रपट खरा रंगतो. म्यूटू एका बेटावर निवडक प्रशिक्षकांना बोलावतो, त्यांचे प्राणी हिसकावतो आणि प्रत्येकाची नक्कल बनवतो. मग मूळ प्राणी आणि नकला समोरासमोर येतात. तेवढ्यात म्यू स्वतः उगवतो. जपानी मूळ संवादांत हा गोड दिसणारा म्यू चक्क कडवा आहे. तो म्हणतो (बोलणारं मांजर मियाउथ त्याचा दुभाषा आहे), अस्सल ते अस्सल. विशेष शक्ती बाजूला ठेवून अंगाला अंग भिडवलं तर अस्सल नकलेपुढे हरणार नाही. म्हणजे इथे घराण्याचा अभिमान आहे बघा! म्यूटूला हेच आव्हान हवं असतं. लढाई सुरू होते.

ती बघवत नाही. नेहमीच्या विजा, ज्वाळा, कारंजी काही नाही. दोन कासवं एकमेकांवर आदळतायत, दोन ड्रॅगन गळे आवळतायत, आणि कुणीही जिंकत नाही. दमून जोड्या-जोड्यांनी कोसळतात. आपल्याला ओळखू यावं म्हणून चित्रकारांनी नकलांच्या अंगावर वेगळ्या खुणा काढल्यात. नकली पिकाचूच्या कानांची काळी टोकं दातेरी आहेत. त्या खुणा मनातल्या मनात पुसून बघा. मग कुणाची बाजू घ्यायची हे प्रेक्षकालाही कळणार नाही. लायब्निट्झ म्हणाला होता, दोन वस्तूंत कुठलाच फरक नसेल तर त्या दोन नाहीतच. इथे फरक कसला? फक्त जागेचा. आणि थपडांचा. नकली पिकाचू रडत-रडत मारतोय आणि खरा पिकाचू हात न उगारता खातोय. त्या क्षणापासून दोघांचा इतिहास वेगळा झाला. बघणाऱ्यांच्या तोंडीही येतं की बनवलेले असले तरी आता तेही जिवंत आहेत.

आम्ही सरकारी महाविद्यालयात होतो, त्यामुळे आमच्याकडे एक शिक्का असायचा. जून महिन्यात विद्यार्थ्यांची रांग लागायची. गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर आम्ही शिक्का मारून सही करायचो, 'सत्यप्रत'. हजारो वेळा तो शब्द लिहिला, पण कधी थांबून वाचला नाही. प्रत, आणि तीही सत्य! आपण दोन वेगळे प्रश्न एका पिशवीत कोंबतो. 'अस्सल की नक्कल' हा कागद कुठून आला याबद्दलचा प्रश्न आहे, आणि 'खरं की खोटं' हा वेगळाच. झेरॉक्स मुळावरून काढलेली असते, पण तिच्यावरचे गुण खोटे नसतात. म्यूचं म्हणणं असं की उगम दुसरा म्हणजे असणंही दुय्यम. म्यूटूची शोकांतिका अशी की तो हे मनातून मान्य करतो, म्हणून तर जिंकून दाखवायला निघतो. ज्याला आपल्या असण्याची खात्री आहे त्याला कुस्ती लागत नाही.

जपानचाच आणखी एक दाखला देतो. इसे इथलं शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात जसंच्या तसं बांधतात, आणि मग जुनं उतरवतात. प्रथा सातव्या शतकापासूनची, मध्ये खंडही पडला. २०१३ साली बासष्टाव्यांदा झालं. नवं देऊळ नक्कल आहे असं तिथे कुणी म्हणत नाही. शुदोंच्या मनात इसे होतं असा आमचा दावा मुळीच नाही. त्यांनी पुढे आठवणी लिहिताना या चित्रपटाचा विषय स्वतःचं असणं हा होता, एवढं सांगितलं आहे. पण उगम आणि खरेपणा यांची गाठ सोडवता येते हे त्या देवळाकडे बघून कळतं.

१९९९ च्या नोव्हेंबरात चित्रपट अमेरिकेत गेला, साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास कमावून आला, पण वाटेत त्याचा प्रश्न बदलला. इंग्रजीत म्यू सांगतो की खरी ताकद हृदयातून येते. म्यूटूच्या बोलण्यात मानवजात संपवण्याची योजना ठळक झाली, आणि लढाईच्या दृश्यावर 'भांडणं वाईट' असा उपदेश चढला. ज्या खेळात प्राणी लढवणं हाच धंदा, त्यात हा उपदेश म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीला पंच म्हणून बसायचं आणि अहिंसेवर बोलायचं. आम्हाला राग याचा येतो की मुलांना प्रश्न झेपणार नाही असं मोठ्यांनी परस्पर ठरवलं. एक आख्खा भागही अमेरिकन चित्रपटगृहांत नव्हता: शास्त्रज्ञाची मेलेली मुलगी, तिची काचेतली नक्कल, आणि तिच्याशी बोलणारा छोटा म्यूटू. ती विरघळून जाते, तो रडतो, आणि त्याच्या मनातून ती पुसून टाकली जाते. हा भाग पाहिला की त्याच्या रागाखाली काय आहे ते दिसतं.

शेवटी अ‍ॅश, जपानीत सातोशी, दोघांच्या माऱ्यामध्ये धावत शिरतो आणि दगड होतो. प्राण्यांचे अश्रू त्याला परत आणतात. तत्त्वज्ञान म्हणून हा भाग लंगडा आहे, युक्तिवाद संपला की अश्रू काढायचे ही नाटकवाल्यांची जुनी खोड. पण पुढचं पाहा. म्यूटू नकलांना घेऊन निघून जातो आणि सगळ्यांच्या आठवणी पुसतो. गेल्या वेळचा लॉक आठवा: स्मृती जिथवर पोचते तिथवर माणूस तोच. मग मध्ये उडी घेतलेला अ‍ॅश आणि धक्क्यावर गोंधळून उभा असलेला अ‍ॅश हा एकच मुलगा का? लॉकला इथे अडचण आहे. आम्हाला वाटतं तो तोच आहे, कारण पुन्हा प्रसंग आला तर तो पुन्हा धावेल. पण हे म्हणताना आम्ही स्मृतीऐवजी स्वभावावर ओळख उभी करतोय, आणि तेही सिद्ध करायला हवं. ते पुढच्या वेळी.

धक्क्यावर अ‍ॅश विचारतो, आपण इथे कसे काय आलो? मिस्टी म्हणते, आहोत म्हणून आहोत, दुसरं काय. म्यूटूचाच प्रश्न, पण विचारणाऱ्याला त्याचा त्रास नाही. का नाही? त्याच्या शेजारी दोन मित्र आणि खांद्यावर पिकाचू आहे. म्यूटूने डोळे उघडले तेव्हा समोर वह्या घेतलेली माणसं होती.

चित्रपट संपल्यावर नातवाला विचारलं, तुला काय आवडलं? तो म्हणाला, "आजोबा, ती दोन मांजरं." सगळे मारामारी करत असताना मियाउथ आणि त्याची नक्कल एकमेकांना बघतात, लढायचं नाही असं ठरवतात आणि आज चंद्र गोल असेल असं काहीतरी बोलत बसतात. आमच्या टिपणात ते दृश्य नव्हतंच. त्याच रात्री तो स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ ओट्याला टेकून बराच वेळ उभा होता. काय बोलले ते आम्ही विचारलं नाही.

वेळ झाली आहे. मागच्या बाजूच्या बाई मघापासून हात वर करून बसल्यात, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.