जोडी गाते, तिसऱ्याचे नाव कुठे?

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मराठी लोकगीताचे दिवस पालटले. तोवर कुणाचा आवाज तबकडीवर चढायचा, हे एका बड्या कंपनीतली मोजकी माणसे ठरवत. कॅसेट भरायला फारसे भांडवल लागत नव्हते, त्यामुळे ही मक्तेदारी मोडली आणि वस्तीतला गाणारा थेट दुकानात पोहोचला. प्रल्हाद शिंदे यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद ही जोडी याच लाटेवर महाराष्ट्रभर गाजली. त्यांच्या पोपटाच्या गाण्याशिवाय तेव्हा वरात हलत नसे. यथावकाश अशा गायकांच्या निवडक, सुपरहिट, सदाबहार गाण्यांचे संच निघाले, आजही मोबाइलवर निघतात. जाणकार मंडळी या संचांकडे पाहून नाक मुरडतात: जुनाच माल, वेष्टन तेवढे नवे. मला हा आक्षेप चुकीच्या जागी घेतलेला वाटतो. गाणी जुनी असतात याला माझी हरकत नाही. त्यांतून कवी गळून पडतो, याला आहे.

निवडक गाण्यांच्या तबकडीचा उगम अमेरिकेतला. 1958 साली जॉनी मॅथिस या गायकाचा असा संच निघाला आणि वर्षानुवर्षे खपत राहिला. तेव्हापासून सगळ्या कंपन्यांनी हा धंदा उचलला. तिथल्या कंट्री संगीतात, म्हणजे गावाकडच्या कष्टकरी गोऱ्यांच्या गाण्यात, ब्रूक्स अँड डन या जोडीचा असा संच 1997 साली आला. जुनी गाजलेली गाणी होतीच, शिवाय काही नवीही घातली, म्हणजे आधीच्या तबकड्या घरी असलेल्या चाहत्यालाही पुन्हा खिशात हात घालावा लागावा. यात व्यापार आहे हे उघड आहे. पण लोकगीताला निवड परकी नाही. जलसा किंवा गायन पार्टीचा कार्यक्रम म्हणजे रात्रभर चाललेली निवडच असते. ज्याला वन्समोअर मिळतो ते गाणे पुढच्या गावी जाते, बाकीचे मागे राहते. शाहीर काही आठ गाण्यांचा सुसंगत अल्बम डोळ्यांसमोर ठेवून लिहीत नव्हता. मूळ कॅसेटच्या फिती बुरशीने खाल्ल्या, दुकाने मोडीत निघाली. अशा वेळी निवडक संच हेच पुष्कळ गाण्यांचे उरलेले दप्तर आहे. आणि दप्तर म्हटले की त्यात नोंद कुणाच्या नावाने पडते हा प्रश्न येतोच.

नाशिक जिल्ह्याने तो विचारलाच पाहिजे, कारण या गाण्याचा एक मोठा झरा इथलाच. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार या आंबेडकरी चळवळीचे जलसे घेऊन फिरत होते; सभेला न येणारा माणूस जलशाला येत असे. पुढच्या पिढीचे वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 15 ऑगस्ट 1922. मुंबईत मजुरी करताना मोठेपणी ते अक्षरे शिकले, 1943 साली पहिले गाणे रचले आणि मग साठ वर्षे लिहीत, गात, गावोगाव हिंडत राहिले. त्यांच्या गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगतात. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. 15 मे 2004 रोजी नाशिकमध्ये ते गेले. त्याच वर्षी जूनमध्ये प्रल्हाद शिंदेही गेले. शिंदे घराण्यासह कितीतरी गायकांनी वामनदादांचे शब्द गायले. ऐकणाऱ्याला आवाज लगेच ओळखू येतो. शब्द कुणाचे, हे विचारले तर तो बहुधा गायकाचेच नाव सांगेल.

वास्तविक परंपरेने याची तजवीज केव्हाच करून ठेवली आहे. संतांच्या अभंगात, शाहिरांच्या पोवाड्यात शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा असते. वामनदादाही गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफत. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘हे गीत वामनाचे’ आहे. पण तीन मिनिटांच्या तबकडीत, घाईच्या कार्यक्रमात आणि आता अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये कात्री लागते ती शेवटाला. ध्रुवपद टिकते, कवी जातो.

यावर कुणी म्हणेल, लोकगीत सगळ्यांचे असते, त्याला मालक कसला? जात्यावरच्या ओवीपुरते हे खरे आहे. तिची रचणारी कुणालाच ठाऊक नाही. वामनदादांचे तसे नाही. त्यांचे गाव, जन्मतारीख, छापील संग्रह सगळे उपलब्ध आहे. माहीत असलेल्या माणसाला अनामिक करणे याला परंपरा म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. यातल्या बऱ्याच गाण्यांच्या चाली सिनेमातून उचललेल्या; खुद्द वामनदादांचे पहिले गाणे एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. उसनी चाल घेणाऱ्याने श्रेय मागावे का? मागावे. चाल उघडपणे उसनी घेतली जात होती, श्रोत्याला मूळ गाणे पाठ असे, आणि त्या ओळखीमुळेच नवा विचार त्याच्या गळी उतरे. श्रेय चालीचे नव्हे, शब्दांचे मागायचे आहे. श्रोत्याला नावाशी देणेघेणे नसते, असेही सांगितले जाते. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये ब्लूबर्ड कॅफे नावाची छोटी जागा 1982 पासून चालू आहे. दुसऱ्यांनी गाजवलेली गाणी लिहिणारी माणसे तिथे स्वतःच्या तोंडाने ती गातात, आणि ते ऐकायला लोक रांगा लावतात. आवड अशी लावावी लागते.

कायद्यात मात्र एक फट आहे. कॉपीराइट कायद्याच्या 52अ कलमानुसार ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कदाराचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापावे लागते. गीतकाराचे नाव छापा, असे ते कलम सांगत नाही. 57व्या कलमाने लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क आहे आणि 2012 च्या दुरुस्तीने स्वामित्वधनातला वाटाही दिला, पण त्यासाठी गीतकाराने किंवा त्याच्या वारसांनी उठून भांडायला हवे. भटकत्या शाहिराच्या वारसांकडे कुठला करारनामा असणार? म्हणून ही जबाबदारी संच काढणाऱ्यांची, गाणाऱ्यांची आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांचीही आहे. येत्या 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, गायन पार्टीला सुपारी देताना एवढीच अट घाला: प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव, आणि गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत. वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क कायद्याने 2064 अखेरपर्यंत शाबूत आहे.